बारावीचा ताण: घरच्या घरी वाटणी कशी करावी

बारावी सायन्सच्या उमेदवाराने सगळ्यात आधी एक गोष्ट लक्षात घ्यावी. ताण त्याच्या एकट्याच्या मालकीचा नाही. तो सामाईक असून त्यात आई, वडील, आत्या, नाशिकचे काका, सोसायटीचे सेक्रेटरी आणि ज्यांची मुलं मागेच सीओईपीला लागली असे सर्व शेजारी यांचा हिस्सा आहे. हिस्सेदार हयात असताना सगळा ताण एकट्याने दाबून बसणं कायद्याला धरून नाही आणि प्रकृतीलाही मानवत नाही. शिवाय हिस्सेदारांना ताण मनापासून हवा असतो. तो मिळाला नाही की ते स्वतःचा तयार करतात आणि तोही उमेदवाराच्याच नावावर चढवतात. म्हणून वेळीच वाटणी करावी.

ताणाचा परीक्षेशी संबंध असतो, ही समजूतही काढून टाकावी. 2021 साली करोनामुळे बोर्डाची परीक्षा झालीच नाही. दहावीचे 30, अकरावीचे 30 आणि बारावीच्या अंतर्गत गुणांचे 40 टक्के धरून निकाल लावला, राज्यात 99.63 टक्के मुलं पास झाली, आणि तरीही त्या वर्षी कुठल्या घरात कमी ओरडाआरडा झाला असं ऐकिवात नाही. परीक्षा नसली तरी ताण चालू शकतो. घर मात्र लागतं.

आता मिळकत काय आहे ते पाहू. जानेवारीत जेईई मेन, फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्ड, एप्रिलमध्ये पुन्हा जेईई, त्याच सुमारास सीईटी, मे महिन्यात नीट. विषय तेच, धडे बरेचसे तेच, पण प्रत्येक परीक्षेचा स्वभाव वेगळा. रोटेशनल डायनॅमिक्सचा धडा घ्या. बोर्डाला डेरिव्हेशन पायरीपायरीने हवं असतं आणि आकृती पेन्सिलीने. जेईईत 75 प्रश्न, 300 गुण, आणि चुकलात तर एक गुण कापून घेतात. सीईटीच्या पीसीएमला 180 मिनिटांत 150 प्रश्न. गणिताला दोन-दोन गुण, एकूण 200, आणि निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणून तिथे एकही प्रश्न सोडून येणं हा घराण्याचा अपमान समजावा. नीटच्या वाटेला जाणाऱ्यांनी 180 प्रश्न, 720 गुण आणि एनसीईआरटीच्या पुस्तकातलं स्वल्पविरामासकटचं वाक्य, एवढं ध्यानात ठेवलं की पुरे. ज्यांनी ‘दोन्ही ग्रुप घेऊन ठेव, पुढे बघू’ हा सल्ला मानला त्यांच्यासाठी ही मार्गदर्शिका अपुरी आहे.

वेळापत्रकाबद्दल फार लिहीत नाही. ते रंगीत पेनांनी करावं, भिंतीवर लावावं आणि त्याकडे पाहू नये. पाहुण्यांना दिसलं की त्याचं काम झालं.

वाटणीला सुरुवात वडिलांपासून करावी, कारण त्यांना सगळ्यात मोठा तुकडा द्यायचा आहे आणि तो खरोखरच मोठा आहे. तो म्हणजे कागदपत्रं. आपल्याकडे क्लासवाले थर्मोडायनॅमिक्स शिकवतात, पण तहसील कार्यालयाच्या खिडकीशी काय बोलावं हे कुणी शिकवत नाही, आणि कित्येकांचा प्रवेश अडतो तो खिडकीशीच. डोमिसाईल, उत्पन्नाचा दाखला, लागू असेल त्याप्रमाणे ईडब्ल्यूएस किंवा नॉन-क्रिमी लेयर, जातीचा दाखला आणि जातवैधता. वडिलांना यादी द्यावी आणि ‘बाबा, हे माझ्याने व्हायचं नाही’ एवढं एकच वाक्य म्हणावं. बाबांच्या चेहऱ्यावर वर्षानुवर्षं न दिसलेलं तेज दिसेल. नॉन-क्रिमी लेयरची मुदत 31 मार्चला संपते आणि कॅपचे, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेचे, अर्ज त्यानंतर भरायचे असतात, हे त्यांना आधीच सांगून ठेवावं. नाहीतर उत्साहाच्या भरात काढून आणलेला दाखला ऐन अर्जाच्या वेळी शोभेचा ठरतो.

जातवैधता लागणार असेल तर उमेदवाराचं नशीब थोर. जिल्हा पडताळणी समितीला आजोबा-पणजोबांच्या शाळेचा पुरावा दाखवावा लागतो, आणि तोही जुना: अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950 च्या आधीचा, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961 च्या आधीचा, इतर मागासवर्गीयांसाठी 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा. म्हणजे बाबांनी गावी जायचं, जिल्हा परिषदेच्या शाळेत जुनं जनरल रजिस्टर उघडून मागायचं, कसर लागलेल्या पानावर पणजोबांचं नाव शोधायचं, ते सापडलं की आडनावाच्या जागी दुसरंच काहीतरी लिहिलेलं निघायचं, आणि मग ते आणि हे एकच आहेत असं प्रतिज्ञापत्र करायचं. एवढ्या अवधीत इंटिग्रेशनचे दोन धडे शांतपणे होतात. ‘मॉक टेस्टला किती पडले?’ हा प्रश्न विचारायला बाबा घरात असायला तर हवेत! हे काम अकरावीतच काढावं, असं शहाणी माणसं सांगतात. ती बरोबर सांगतात. पण आपल्याकडे ते बहुधा बारावीच्या उन्हाळ्यातच निघतं.

आईला क्लासचा पालक ग्रुप द्यावा. रविवारच्या टेस्टचे गुण मूल जिना चढून यायच्या आत आईच्या मोबाइलवर येऊन पडतात, त्यामुळे तसाही तो तिचाच हिस्सा आहे. त्या ग्रुपवर कुणीतरी सकाळी सहाला ‘आमचा रात्री दोनपर्यंत बसला होता’ असं टाकतं. त्यावर काय उत्तर द्यायचं हे आईवर सोडावं. उमेदवाराने ते वाचू नये, आणि वाचलंच तर तो मुलगा रात्री दोनपर्यंत नेमका काय करत होता याची चौकशी वर्गात करावी. बहुतेकदा मन हलकं होतं.

आत्याला बोर्डाचे टक्के द्यावेत. तिला तेच कळतात आणि त्याचाच पेढा तिला खायचा असतो. सीईटीतून इंजिनिअरिंगला जाताना बारावीच्या पीसीएमला खुल्या प्रवर्गात 45 आणि राखीव प्रवर्गात 40 टक्के पडले की पात्रता झाली, पुढची गुणवत्ता सीईटी किंवा जेईई ठरवते, हे आत्याला सांगायला जाऊ नये. तिचा पेढा कडू होतो. मात्र जेईईवरून एनआयटीत शिरायचं असेल तर बारावीला 75 टक्के, अनुसूचित जाती-जमातींना 65, नाहीतर बोर्डातल्या वरच्या 20 पर्सेंटाइलमध्ये जागा, अशी अट असते. तेव्हा आत्याला अगदीच वाऱ्यावर सोडू नये.

कॉलेजचा हिस्सा छोटा आहे. हजेरीपट एका गावी आणि मुलं दुसऱ्या गावच्या क्लासमध्ये, अशी सोय आपल्याकडे इतकी रुळली की 2018 साली सरकारला विज्ञानाच्या ज्युनिअर कॉलेजांत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढावा लागला. अंगठा त्यामुळे कॉलेजला गेला. बाकीच्या उमेदवाराविषयी आदेशात काही नसावं. प्रात्यक्षिकाला मात्र सगळेच जातात आणि जर्नल पूर्ण करतात. फिजिक्सच्या जर्नलमध्ये उत्तर आधी येतं आणि निरीक्षणं नंतर, हा विज्ञानाचा प्रवास उलटा असला तरी वेळेत पोचणारा आहे.

आता नाशिकचे काका. बँकेतून निवृत्त, दुपारी झोप नाही, एक्सेल येतं. अशा माणसाला कटऑफचा हिस्सा द्यावा. पण त्याआधी त्यांना पर्सेंटाइल समजावून सांगावं लागेल, त्यासाठी एक रविवार राखून ठेवावा. 92 पर्सेंटाइल म्हणजे 92 टक्के नव्हेत. शंभरातली 92 मुलं तुमच्याइतकी किंवा तुमच्या मागे आहेत, इतकाच त्याचा अर्थ. चार लाख मुलं बसली असं धरलं तर 99 पर्सेंटाइलवाल्याच्याही पुढे चार हजार जण उभे असतात. हे ऐकून काका ‘आमच्या वेळी फर्स्ट क्लास म्हणजे फर्स्ट क्लास’ असं म्हणतील. म्हणू द्यावं. मग मागच्या वर्षीच्या कटऑफची पीडीएफ त्यांच्या हवाली करावी. शेकडो पानं, बारीक अक्षर, आणि रकान्यांवर ‘जीओपनएच’, ‘एलओपनएस’, ‘टीएफडब्ल्यूएस’ असे मंत्र. सुरुवातीचा जी सर्वांसाठीचा, एल मुलींसाठीचा. शेवटचा एच म्हणजे आपलंच विद्यापीठ, ओ म्हणजे बाहेरचं, एस म्हणजे राज्यपातळी. टीएफडब्ल्यूएस म्हणजे शिक्षण शुल्क माफी. ही किल्ली हाती आली की काका दोन महिने कुणाला त्रास देत नाहीत. उलट जुलैमध्ये सगळी सोसायटी त्यांना फोन करते आणि त्यांचा रक्तदाब सुधारतो.

शेजाऱ्यांचा वाटा एका वाक्यात भागतो. ‘किती येतायत?’ असं जिन्यात कुणी विचारलं की ‘नॉर्मलायझेशन बाकी आहे’ असं सांगून पुढे जावं. सीईटी अनेक सत्रांत होत असल्यामुळे हे उत्तर खरंही आहे. समोरच्याला ते कळत नाही आणि कळत नाही हे त्याला कबूल करायचं नसतं, त्यामुळे तो मान डोलावतो. हेच वाक्य निकाल लागल्यावरही आठवडाभर चालतं.

वाटणीत न बसणारा एक तुकडा असतो. झोप लागत नाही, जेवण जात नाही, पुस्तक उघडलं की छातीत धडधडतं, किंवा सगळं संपवून टाकावं असं वाटतं. असं झालं तर काका, आत्या, पालक ग्रुप कुणीही उपयोगाचं नाही आणि विनोदही नाही. टेली-मानसचा 14416 हा क्रमांक फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. तो मोबाइलमध्ये आजच सेव्ह करावा. पालकांनीही.

शेवटी ऑप्शन फॉर्म. इथे मात्र वाटणी करू नये. बाबांना कॉलेज कुठलंही चालतं, ब्रँच कॉम्प्युटर हवी. काकांना ब्रँच कुठलीही चालते, 1854 सालचं सीओईपी हवं. आत्याला 1887 चं व्हीजेटीआय हवं, कारण माटुंग्याला तिची नणंद राहते. उमेदवाराला इन्स्ट्रुमेंटेशन हवं असतं, पण हे त्याला कुणी विचारलेलं नसतं. कॅपच्या पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली तर ती घ्यावीच लागते, मागे फिरता येत नाही. म्हणून पहिल्या ओळीत काय लिहायचं यावरून घरात जी चर्चा होईल ती पूर्ण होऊ द्यावी, चहा करावा, सगळ्यांच्या समोर सगळ्यांच्या मनासारखी यादी भरून ‘सेव्ह’ करावी. ‘सेव्ह’ आणि ‘कन्फर्म’ ही दोन वेगळी बटणं आहेत, हे काकांना माहीत नसतं. मंडळी झोपल्यावर यादीचा क्रम आपल्याला हवा तसा लावावा, पासवर्ड बदलावा आणि मगच कन्फर्म करावं. ओटीपी मात्र अर्जात नोंदवलेल्या मोबाइलवर येतो, आणि तो नंबर बाबांचा असेल तर रात्री दीड वाजता त्यांच्या उशाशी ‘टिंग’ होतं. तेव्हा नोंदणीच्या पहिल्याच दिवशी नंबर स्वतःचा टाकावा.