गॅसबरोबर सेल्फी निघत नाही

हवामानबदलावरचं व्याख्यान नेहमी गारठलेल्या हॉलमध्ये ठेवावं. दोन तास शाल लपेटून बसलं की पृथ्वी तापत असल्याचं दुःख अधिक भिडतं. आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये परवा एसी १८ वर होता. २०२० पासून नवे एसी २४ अंशांवर लावूनच विकायचे असा सरकारी नियम आहे. रिमोट हातात आल्यावर आपला माणूस पहिलं काम काय करतो, हे नियम करणाऱ्यांच्या घरी कुणी सांगितलेलं दिसत नाही.

वक्ते ‘झाडं लावा’ म्हणाले असते तर आमची तयारी होती. गेल्या वर्षीचे खड्डे अजून शाबूत आहेत. पण हे गृहस्थ एसीच्या गॅसवर घसरले. २०१७ च्या ‘ड्रॉडाऊन’ या पुस्तकात हवामानबदलावरच्या ८० उपायांची क्रमवारी लावली होती. तिच्यात पहिला नंबर पवनचक्कीचा नाही, सौरऊर्जेचाही नाही. फ्रीज-एसीतल्या गॅसची नीट विल्हेवाट लावण्याचा! सभेवर अवकळा पसरली. गॅसबरोबर सेल्फी कसा काढायचा?

जुन्या एसीतला ‘आर-२२’ गॅस किलोभर हवेत गेला, तर शंभर वर्षांच्या हिशोबाने तो १,८१० किलो कार्बन डायऑक्साइडइतका ताप देतो. कुणालाच काही कळेना. शेवटी खजिनदारांनी तो आकडा पेट्रोलमध्ये बसवला: मोटारीने पुणे-मुंबई जाऊन-येऊन चाळीसेक खेपा. ‘टोल धरून?’ मागून प्रश्न आला.

नवा ‘आर-३२’ त्यामानाने सोज्वळ, पण तोही ६७५ पट. अशा वायूंना आवर घालणारा किगाली करार २०१६ चा. भारताने २०२१ मध्ये त्याला मान्यता दिली आणि आपली कपात सुरू होणार २०३२ पासून. तोवर काळजी नाही, आपला मेकॅनिक आहेच. तो गच्चीवर जातो, नट सैल करतो, फुस्स! मग बिलावर लिहितो, ‘गॅस भरला’. कुठला गेला, ते लिहायला रकाना नसतो. त्याला तरी काय बोलणार? जुना गॅस ओढून सिलिंडरमध्ये भरायचं मशीन महाग, त्यात वेळ जातो, आणि आपण शे-दोनशे रुपयांसाठी त्याच्याशी अर्धा तास हुज्जत घालणार. मोसमातून एकदा वसुंधरा वाचवण्याची शपथ घ्यायला आपला हात चटकन वर जातो, कारण तो खिशात घालावा लागत नाही.

ओल्या कचऱ्यातून निघणारा मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापदायक, असं वक्ते म्हणाले आणि सोसायटीने खतखड्डा करायचा विषय काढला. त्याच क्षणी तिघांना महत्त्वाचे फोन आले. उरलेल्यांनी एकमताने कापडी पिशव्या वाटायचं ठरवलं.

तुम्ही पिशव्या वाटा, हरकत नाही. पण मार्चमध्ये एसीवाला येईल तेव्हा नट सैल करण्याआधी त्याला विचारा, ‘जुना गॅस ओढून घेणार की सोडणार?’ ओढून घेणारा शोधा आणि तो मागेल ते मुकाट्याने द्या.