चकाकीचा सोस

वारंगा फाट्यावर नांदेड-हिंगोली रस्ता आणि नागपूर-तुळजापूर महामार्ग भेटतात. धूळ दोन्हींची बसते. तरी नवा गाडीमालक इथे खिचडी खाता खाता वॅक्सवर प्रवचन देतो. कार्नोबाच हवं, ब्राझीलच्या ताडाच्या पानांवरचं! शाम्पू पीएच न्यूट्रल, पुसायला मायक्रोफायबर. रंगावरचा क्लिअर कोट जेमतेम ४०-५० मायक्रॉन. दर महिन्याला पॉलिश घासलं की तोही झिजतो, हे मात्र प्रवचनात येत नाही. रविवारी धाकटे बंधू कपड्यांची पावडर बादलीत ओततात आणि जुन्या बनियनने काळ्या मातीसकट बोनेट रगडतात. वॅक्स गेलं, चरे आले. मालक मनातून खूश: आता सिरॅमिक कोटिंगला घरात कोण नाही म्हणेल?