अक्षांशराव

सिअ‍ॅटलच्या पूर्वेला बेलव्ह्यू, रेडमंड, इसाक्वा असा जो पट्टा आहे, तिथे मराठी माणसाचे काही ठरावीक नमुने आढळतात. कढीपत्त्याच्या कुंडीला हिवाळाभर हीटर लावून तिच्या उशाशी बसणारा एक. हापूसची पेटी आली की तिचा फोटो सगळ्या ग्रुपवर टाकणारा, पण पत्ता न टाकणारा दुसरा. घरकर्जाच्या व्याजदराखेरीज कशावरच न बोलणारा तिसरा. या तिघांचं एक बरं असतं, ते आपापल्या घरी असतात. चौथा नमुना शनिवारी सकाळी आपल्या दारात उभा असतो. पायात चिखलाचे बूट, गळ्यात शिटी, पाठीवर सॅक, हातात फोन आणि फोनवर एक बाण. हे आमचे अक्षांशराव.

त्यांचं खरं नाव आता पासपोर्टापुरतं उरलं आहे. अक्षांशराव जिओकॅशिंग करतात. म्हणजे कुणा अनोळखी माणसाने कुठेतरी एक डबा लपवलेला असतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर केलेले असतात. ते आकडे घेऊन अक्षांशराव तो डबा हुडकून काढतात. आत एक वही असते. तिच्यात आपलं नाव लिहायचं, डबा होता तसाच परत ठेवायचा आणि घरी यायचं. अ‍ॅपमधल्या नकाशावर त्या जागी पिवळा हसरा चेहरा उमटतो. संपलं. हे पहिल्यांदा ऐकणारा कुणीही विचारतो, ‘बरं, आणि मग?’ या प्रश्नाला अक्षांशरावांकडे उत्तर नाही. इतिहास मात्र आहे, आणि तो सुरू झाला की चहा गार होतो.

तारीख 1 मे 2000. इकडे महाराष्ट्र राज्याला चाळीस वर्षं पुरी होत होती आणि तिकडे अध्यक्ष क्लिंटन यांनी जाहीर केलं, की उपग्रहांच्या नागरी सिग्नलमध्ये लष्कर मुद्दाम जी चूक कालवत असे ती आज रात्रीपासून बंद. तोवर सर्वसामान्यांचं जीपीएस यंत्र शंभरेक मीटरने चुकायचं, ते एका रात्रीत दहा-वीस मीटरवर आलं. 3 मे रोजी डेव्ह अल्मर या गृहस्थाने ऑरेगनमधल्या बीव्हरक्रीकजवळच्या रानात एक काळी बादली अर्धवट पुरली आणि तिचे आकडे इंटरनेटवर टाकले. बादलीत वही, पेन्सिल, पुस्तकं, एक गलोल आणि बीन्सचा एक डबा. काही दिवसांतच शेजारच्या वॉशिंग्टन राज्यातल्या माइक टीग यांना ती सापडली. सप्टेंबरात जेरेमी आयरिश यांनी अशा 75 जागांची यादी घेऊन संकेतस्थळ सुरू केलं. आज जगभरात तीस लाखांवर डबे आहेत आणि या सगळ्याचं मुख्यालय सिअ‍ॅटलच्या फ्रीमाँट भागात आहे. ‘म्हणजे बघा,’ अक्षांशराव म्हणतात, ‘लोक जर्मनीहून येतात, आणि आपलं पंढरपूर अर्ध्या तासावर!’

यावर एक शंका काढता येते. आजच्या नियमांप्रमाणे डबा जमिनीत पुरायचा नाही आणि आत खाण्याची वस्तू ठेवायची नाही. मग ती आद्य बादली आज मंजूरच झाली नसती की! अक्षांशराव दुखावतात. ‘संस्थापकांना नियम लागू नसतात,’ असं म्हणतात. आम्ही सगळ्यांनीच कुठल्या ना कुठल्या मंडळाच्या कार्यकारिणीवर काम केलेलं असल्यामुळे आम्हाला ते लगेच पटतं.

अक्षांशराव एरवी सज्जन आहेत, पण अंतराच्या बाबतीत त्यांच्यावर विश्वास ठेवू नये. ‘फार नाही रे, गाडीपासून सहाशे मीटर,’ असं ते फोनवर सांगतात. हे सहाशे मीटर कावळ्याचे असतात. माणसाची वाट आधी ओढ्याकडे उतरते, मग डोंगराला वळसा घालते आणि मैलभर चालल्यावर बाण सांगतो, डबा आता साडेसहाशे मीटरवर आहे. डब्यांना एक ते पाच तारे असतात, शोधायला किती अवघड त्याचे वेगळे आणि वाट किती अवघड त्याचे वेगळे. अक्षांशराव ‘दीडाची वाट’ म्हणतात, आणि दीड ताऱ्याच्या त्या वाटेवर आमच्यातला एकजण अजून गुडघा चोळतो.

टायगर माउंटनच्या रानात शिरलं की खरा खेळ सुरू होतो. डग्लस फर आणि सीडरची झाडं इतकी उंच आणि दाट, की दुपारी बाराला संध्याकाळ झालेली असते. खोडांवर शेवाळ, खाली कमरेएवढं नेचं, आणि मध्येच पायाला लागलं तर तासभर आग आग करणारं नेटल. या पानांखाली उपग्रहाचा सिग्नल अडखळतो. ‘तीन मीटर!’ असं अक्षांशराव ओरडतात, तेवढ्यात बाण गर्रकन फिरतो आणि अकरा मीटर मागे दाखवतो. मग ते फोन खिशात टाकतात, कमरेवर हात ठेवतात आणि म्हणतात, ‘आता डबा लपवणाऱ्यासारखा विचार करा.’ आम्ही चार माणसं शेवाळात उभं राहून लपवणाऱ्यासारखा विचार करत असतो. आमच्यातल्या दोघांच्या मनात दडपे पोह्यांचा डबा असतो, पण तो सॅकमध्ये आहे आणि अक्षांशरावांनी तो सही झाल्याशिवाय काढायचा नाही असं ठरवलेलं आहे.

एकदा आमच्या एका मित्राच्या आई बरोबर होत्या. सांगलीहून सहा महिन्यांसाठी आलेल्या, साडीवर लेकाचं जॅकेट आणि पायात सुनेचे स्पोर्ट्‌स शूज. अक्षांशरावांनी त्यांना वाटेत सगळा खेळ समजावून सांगितला.

‘सापडला की घरी न्यायचा?’ काकूंनी विचारलं.

‘नाही काकू. होता तिथेच परत ठेवायचा.’

‘मग हरवलं होतं कुणाचं?’

अक्षांशरावांनी विषय बदलून झाडांची नावं सांगायला घेतली.

ठरल्या जागी आम्ही अर्धा तास खोडं, ढोल्या, दगड धुंडाळले. अक्षांशराव पोटावर झोपून एका पडलेल्या ओंडक्याखाली टॉर्च मारत होते. तिथे त्यांना बोटभर लांबीची, बिनशंखाची, पिकल्या केळ्यासारखी पिवळी गोगलगाय भेटली आणि दोघं काही क्षण एकमेकांकडे बघत राहिले. काकू बाजूच्या दगडावर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘त्या तिकडे काटक्या कुणी रचल्यात रे?’

आम्ही बघितलं. एका बुंध्याशी हातभर लांबीच्या पंधरा-वीस काटक्या पडल्या होत्या. पडल्या होत्या, असं आम्हाला वाटत होतं. ‘पडलेल्या काटक्या अशा एका मापाच्या, एका अंगाला नसतात,’ काकू म्हणाल्या. ‘चुलीसाठी हाताने लावल्याशिवाय अशा बसत नाहीत.’ काटक्या बाजूला केल्या. खाली हिरवी चिकटपट्टी गुंडाळलेला डबा! या खेळातल्या अनुभवी मंडळींची ही जुनी खूण, रानात न शोभणारा काटक्यांचा ढीग. अक्षांशराव ती पुस्तकातून शिकले होते आणि काकू तर पन्नास वर्षं ओळखत होत्या.

डब्यात मुद्देमाल नेहमीचाच. गोल्फचा एक चेंडू, प्लास्टिकचा डायनासोर, तुटकी कीचेन, मुदत संपलेलं कुपन. अक्षांशराव काहीच घेत नाहीत, मात्र प्रत्येक डब्यात भारताचा एक रुपया ठेवतात. वहीत सही करायचा मान काकूंना मिळाला. या वहीत लोक आपलं टोपणनाव आणि तारीख टाकून मोकळे होतात. काकूंनी चष्मा लावला आणि स्वतःचं पूर्ण नाव, मु. पो., ता. तासगाव, जि. सांगली, दिनांक, वार असं सगळं शिस्तीत लिहिलं. खाली शेरा मारला, ‘डब्यात पाणी जाते. झाकण नीट बसत नाही. मालकाने लक्ष द्यावे.’ अक्षांशराव भारावून बघत राहिले. अ‍ॅपमध्ये अशी तक्रार करायची सोय आहे, पण अनोळखी माणसाला दुखवायला नको म्हणून त्यांनी ती कधी वापरलेली नव्हती. त्या रात्री त्यांनी काकूंच्या वतीने ती पहिल्यांदा केली. आठवड्यात झाकण बदललं.

रान परवडलं, पण गावातले डबे म्हणजे परीक्षा. खेळ माहीत नसलेल्या सर्वसामान्य माणसाला ही मंडळी हॅरी पॉटरमधून उचललेल्या शब्दाने ‘मगल’ म्हणतात, आणि मगलासमोर डबा काढायचा नाही असा दंडक आहे. त्यामुळे माणूस दिसला की अक्षांशराव बुटाची नाडी बांधायला बसतात. नाडी नसलेल्या बुटांचीही. एकदा एका दुकानाच्या पार्किंगमध्ये ते दिव्याच्या खांबाचं पत्र्याचं बूड उचलून आत हात घालत होते, तेव्हा सुरक्षारक्षक येऊन मागे उभा राहिला. अक्षांशराव घाबरून उपग्रहांपासून सांगायला लागले. रक्षकाने शांतपणे ऐकून घेतलं. ‘पुढचा खांब,’ तो म्हणाला. ‘सगळे आधी हाच उचलतात.’

नवीन डबा जाहीर झाला की पहिली सही आपली असावी, हा या जमातीचा सर्वांत मोठा रोग. गणपतीत आरती मंत्रपुष्पांजलीपर्यंत आली होती आणि अक्षांशरावांचा फोन वाजला. हातातल्या अक्षता त्यांनी शेजाऱ्याच्या हातात दिल्या आणि ते पावसात बाहेर पडले. जागेवर पोचले तर डोक्याला दिवा बांधलेल्या सत्तरीच्या एक अमेरिकन आजी वही बंद करत होत्या. दर वेळी त्याच असतात. दोघांना एकमेकांची खरी नावं माहीत नाहीत. अक्षांशरावांचं या खेळातलं नाव ‘थालीपीठ’, आणि आजी त्यांना प्रेमाने ‘मिस्टर थॅली’ म्हणतात. दोघांनी भर पावसात अर्धा तास गप्पा मारल्या. परत आले तोवर प्रसाद संपला होता.

काही डब्यांत ‘ट्रॅव्हल बग’ असतो. धातूचा बिल्ला, त्यावर नंबर. सापडेल त्याने तो उचलून दुसऱ्या डब्यात टाकायचा, म्हणजे तो जगभर फिरतो आणि मालक घरबसल्या त्याचा प्रवास बघतो. असा एक बिल्ला अक्षांशरावांनी पुण्याला नेला आणि विसरून आले. आईला तो मजबूत वाटला. सध्या तो जगप्रवासी गोदरेजच्या कपाटाच्या किल्ल्यांना अडकवलेला आहे आणि रोज बेडरूम ते देवघर जाऊन येतो.

त्याच मुक्कामात पर्वतीच्या पायथ्याशी एक डबा लपवायची परवानगी त्यांनी वडिलांकडे मागितली. वडील रेल्वेतून निवृत्त झालेले. ते म्हणाले, ‘बेवारस वस्तू दिसली तर हात लावू नका, पोलिसांना कळवा, असं आम्ही जन्मभर स्टेशनावर ओरडून सांगितलं. आणि तू बेवारस वस्तू मुद्दाम ठेवणार?’ बेत तिथेच बारगळला. तसाही पुण्यात हा खेळ अवघडच. कुणी वाकून काही शोधतोय असं दिसलं की दोन मिनिटांत चार माणसं जमतात, ‘काय पडलं?’ विचारतात आणि तुमच्याबरोबर शोधायला लागतात.

अक्षांशरावांच्या घराला दोन कुलपं आहेत आणि दारावर कॅमेरा आहे. वाणसामानाचं बिल ते ओळीओळीने तपासतात. पण तळ्याकाठच्या रानात त्यांनी स्वतः लपवलेल्या डब्याला कुलूप नाही, आणि तो कुठे आहे हे साऱ्या जगाला माहीत आहे. एकदा तो खरोखरच चोरीला गेला. एरवी पार्किंगचा दंड झाला तर महिनाभर पत्रव्यवहार करणाऱ्या या माणसाने कुणालाही दोष दिला नाही. दुसऱ्याच दिवशी नवा डबा ठेवला, आत टॅकोमात बनणाऱ्या, पावसातही लिहिता येणाऱ्या कागदाची वही घातली, चार रुपये टाकले. तो डबा आपल्या भाजणीचा होता, हे वहिनींना अ‍ॅपवरचा फोटो बघून कळलं. त्यांनी तो परत मागितला नाही. ‘लोक छान लिहितात त्यात,’ एवढंच म्हणाल्या. लोक लिहितात ते खरंच वाचण्यासारखं असतं. कुणी कुत्र्याला घेऊन आलेला, कुणी घटस्फोटानंतर पहिल्यांदाच घराबाहेर पडलेली. अक्षांशराव रात्री झोपण्याआधी ते वाचतात. यातला एकही माणूस त्यांनी पाहिलेला नाही, आणि यातल्या एकाही माणसाबद्दल त्यांची तक्रार नाही. ओळखीच्या माणसांपैकी किती जणांबद्दल त्यांना असं म्हणता येईल, हे आम्ही त्यांना विचारलेलं नाही. आम्हीही ओळखीचेच आहोत.

हवामान खात्याने या शनिवारी दिवसभर पाऊस सांगितला आहे. आम्हाला वाटलं, सुटलो. एवढ्यात ग्रुपवर अक्षांशरावांचा निरोप आला, ‘उत्तम! वाटेवर एकही मगल नसणार. सहाला निघू. फार नाही, चारशे मीटर.’