पाचांचा जमाव, एकोणिसांची शाळा

प्रति,
मा. साहेब,
(मुक्काम मतदारसंघात नसतो, म्हणून पत्ता लिहिलेला नाही.)

विषय : पटसंख्या, जमावबंदी आणि साखर यांबाबत.
संदर्भ : आपलेच शासन निर्णय.



पत्र उघडं लिहितोय. बंद पाकिटं तुमच्या बंगल्यावर वेगळ्या कामासाठी येतात, त्या ढिगात माझं उगाच हरवायचं.

तुम्ही मला ओळखणार नाही. चौतीस वर्षं बीड जिल्ह्यात प्राथमिक शिक्षक होतो. त्यातली शेवटची अकरा बालाघाटाच्या डोंगरात, जिथं तुमची गाडी पाच वर्षांतून एकदा येते आणि वळवायला जागा नाही म्हणून तुम्ही चिडता. ३१ मे २०२५ ला निवृत्त झालो. तारीख मुद्दाम सांगतो. दोन महिने पुरते व्हायच्या आत, २८ जुलैला, सरकारनं कर्मचाऱ्यांसाठी नियम काढला, की समाजमाध्यमांवर शासनाच्या धोरणावर टीका करायची नाही. पेन्शनरांचं अजून कुणाला सुचलेलं नाही. तेवढ्या फटीतून हे पत्र येतंय.

जानेवारी २०२५ ची गोष्ट. सहावी आणि सातवी मी एकाच खोलीत शिकवायचो. दोन्ही मिळून पट एकोणीस, समोर बसलेली चार. बाकीची पंधरा कोयत्यावर. तुम्हाला शब्द माहीत असेल, कारखाना तुमचाही आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. दिवाळी झाली की मुकादमाची उचल फेडायला टोळ्या निघतात, कोल्हापूर, सांगली, सोलापूर, पार कर्नाटकापर्यंत. आईबाप फडात, थोरली पोरगी कोपीत धाकट्याला सांभाळत. लेकरांनी गावातच राहून शिकावं म्हणून हंगामी वसतिगृह नावाची योजना आहे. आमच्याकडं तिची मंजुरी यायची तेव्हा टोळ्या जाऊन महिना झालेला असायचा. म्हणजे हंगाम असायचा, वसतिगृह नसायचं. भगवानबाबांच्या नावानं ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची घोषणाही झाली. बाबांचं नाव घेतलं की टाळ्या पडतात, हे तुम्ही आमच्यापेक्षा जास्त जाणता.

तर चार लेकरं समोर आणि धडा नागरिकशास्त्राचा. मूलभूत हक्क. भाषणाचं स्वातंत्र्य, शांततेनं एकत्र जमण्याचं स्वातंत्र्य, संघटना करण्याचं स्वातंत्र्य. फळ्यावर लिहून झालं आणि पाठीमागून एक पोरगी म्हणाली, "सर, ह्यात येगळंच छापलंय."

तिनं मधल्या सुट्टीतल्या भज्यांचा कागद उलगडून धरला होता. तेलानं अर्धा पारदर्शक झालेला, पण अक्षरं लागत होती. जिल्ह्यात कलम ३७ (१) व (३) लागू. आपल्याकडं हा आदेश पंचांगासारखा असतो. पंधरा दिवसांचा निघतो, संपला की नवा. तिनं वाचायला सुरुवात केली. काठ्या, सोटे, भाले, दगड बाळगायचे नाहीत. पुतळे, प्रेतं यांचं प्रदर्शन करायचं नाही. जाहीर घोषणा द्यायच्या नाहीत, गाणी म्हणायची नाहीत, वाद्यं वाजवायची नाहीत. सोंग आणायचं नाही. पाच किंवा त्याहून जास्त माणसांनी जमायचं नाही.

"सर, काठी पण नाही? आमच्या आबाची हाय की."

म्हटलं, आबाच्या काठीला कोण विचारतंय. तोंडानं हे म्हटलं, पण डोक्यात दुसरा आकडा आला. त्याच महिन्यात पेपरांत रोज छापून येत होतं, की या जिल्ह्यात बंदुका-पिस्तुलांचे परवाने बाराशेच्या वर आहेत. नंतर त्यातले बरेच रद्द झाले. पण साहेब, ज्या जिल्ह्यात म्हाताऱ्याच्या काठीवर आदेश आणि पोरसवदा कार्यकर्त्याच्या कमरेला परवाना, तिथं पोरीला नेमकं काय समजावून सांगायचं? तुमच्या सभेत शेजारी उभ्या असलेल्यांच्या कमरा मी मोजल्या नाहीत. मोजायला शिकवणं हा माझा धंदा होता, तरीही.

पोरगी थांबली नव्हती. "मंग आपला परिपाठ? त्यात घोषणा असत्यात, गाणं असतंय." मग बोटं मोजून तिनंच निकाल दिला : "पण आपण चारच हाव. आपल्याला चालतंय."

मी धरून पाच झालो, हे तिच्या ध्यानात आलं नाही. सरकारच्या मात्र आधीच आलं होतं. १५ मार्च २०२४ चा संचमान्यतेचा शासन निर्णय तुम्हाला आठवत असेल. नसेल आठवत तर सांगतो, सरकार तुमच्याच बाजूचं होतं. सहावी ते आठवीत वीसपेक्षा कमी पट असेल तर मंजूर शिक्षक शून्य. शून्याचा शोध आपल्या देशात लागला हे मी दरवर्षी शिकवत आलो, पण त्याचा असा उपयोग आर्यभटालाही सुचला नसता. वर्गात लेकरं आहेत, खडू आहे, फळा आहे आणि समोर शून्य उभं आहे. त्याआधी २०२३ मध्ये वीसच्या आतल्या शाळा गोळा करून समूहशाळा करण्याचे प्रस्ताव मागवले होतेच. राज्यात अशा शाळा जवळपास पंधरा हजार निघाल्या. 'समूह' हा शब्द कुणी शोधला त्याचा सत्कार करा. माणसांचा समूह झाला की बंदी आणि शाळांचा समूह झाला की योजना.

मला हिशोब एवढाच कळला, साहेब. तुमच्या राज्यात पाच माणसं जमली की जमाव होतो, आणि एकोणीस लेकरं जमली तरी शाळा होत नाही.

विसावं लेकरू कुठं गेलं ते मला माहीत आहे. ते सकाळी सात वाजता फाट्यावर टाय लावून उभं असतं. तुमच्या संस्थेची पिवळी बस त्याला घेऊन जाते. उसाच्या फडात मध्येच उभी राहिलेली ती इंटरनॅशनल इमारत मी पाहिली आहे. तिच्यात इंटरनॅशनल काय आहे हे गेटवरच्या वॉचमनला विचारलं, तर तो म्हणाला, "फी." त्या लेकराच्या बापानं उचल वाढवून घेतली, बायकोच्या डोरल्यातले मणी विकले, पण पोराला 'इंग्लिश'ला घातलं. त्याला मी दोष देत नाही. त्यानं तुमच्याकडं बघून केलं. तुम्ही जिल्ह्यात भाषण मराठी शाळेच्या मैदानावर करता, संस्था इंग्रजी काढता आणि स्वतःची लेकरं त्याही शाळेत घालत नाही. ती डोंगरावरच्या बोर्डिंगात, नंतर पुण्यात, नंतर विमानानं. हलवायाच्या घरचे लोक दुकानातली मिठाई खात नाहीत तसं.

आणि गरिबाचं एखादं लेकरू चुकून तुमच्या दारात येऊ नये याचीही काळजी झाली. शिक्षण हक्क कायद्यानं खासगी शाळांत पंचवीस टक्के जागा गरिबांना ठेवलेल्या. ९ फेब्रुवारी २०२४ ला अधिसूचना निघाली, की एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला त्या जागांतून सूट. म्हणजे आमची पडकी शाळा तुमच्या शाळेची संरक्षक भिंत झाली. एरवी आमच्या शाळेचा पत्रा उडाला तर वर्षभर मोजमाप होत नाही, पण तिच्यापासून तुमच्या गेटपर्यंतचं अंतर लगेच मोजलं गेलं. मुंबई हायकोर्टानं १९ जुलै २०२४ ला ती अधिसूचना रद्द केली हे बरं झालं. नाही तर तुम्ही आमची शाळा चालू ठेवण्यासाठी उपोषणाला बसला असता.

आता साखरेचं.

तुम्हाला कारखान्याचा उतारा पॉइंटात माहीत असतो, म्हणून ही गोष्ट तुम्हालाच सांगायला पाहिजे. शालेय पोषण आहारात लेकरांना आठवड्याला एक अंडं मिळायचं. खिरीला आणि नाचणीच्या सत्त्वाला साखर लागायची. २८ जानेवारी २०२५ च्या शासन निर्णयानं ठरलं, की अंड्याला आणि साखरेला शासनाकडून वेगळा पैसा नाही. द्यायचं असेल तर लोकसहभागातून द्या. शाळा व्यवस्थापन समितीनं गावातून गोळा करावं.

मी समितीची बैठक लावली. सात जण यायचे, दोन आले. अध्यक्ष कोयत्यावर गेलेला होता. एक म्हातारी आली, नातवाच्या जागी. तिला म्हटलं, आजी, लेकरांच्या खिरीला साखर गोळा करायचीय. तिला नीट ऐकू येत नव्हतं, मी परत मोठ्यानं सांगितलं. ती माझ्याकडं बघत राहिली. मग हातातली पिशवी मांडीवर घेऊन म्हणाली, "साखर? आमच्याकडनं?" हसली नाही. तीस-बत्तीस हंगाम तिनं ऊस तोडलेला. डाव्या हाताचं एक बोट अर्धं आहे, कोयता बसला होता. त्या हातानं तिनं पिशवीची गाठ सोडली आणि दहाची नोट काढून टेबलावर ठेवली.

मी ती घेतली. पावती पुस्तकात 'लोकसहभाग, रु. १०' असं लिहिलं. लोक म्हणजे कोण आणि सहभाग कशात, ते लिहायला रकाना नव्हता.

तुमच्याकडं काही मागितलं नाही अशातला भाग नाही. तुमच्या स्वीय सहायकांना फोन केला होता. त्यांनी नाव, गाव, मग आडनाव विचारलं. आडनावावर जरा थांबले. मग म्हणाले, साहेबांपर्यंत पोचवतो. त्याच सुमारास जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक नवनीत काँवत यांनी पोलिसांच्या पाट्यांवरून आडनावं काढून टाकायला सांगितली होती, नुसतं नाव ठेवा म्हणून. तुमच्या फोनवर ती सूचना पोचली नसावी.

एका दिवसाची गोष्ट मात्र मला खिल्लीत सांगता येत नाही. केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांना ९ डिसेंबर २०२४ ला उचलून नेऊन मारलं. पवनचक्की कंपनीकडं मागितलेल्या दोन कोटींच्या खंडणीच्या आड ते आले, असं आरोपपत्र सांगतं. खटला कोर्टात आहे, त्यावर मी बोलत नाही. मार्चमध्ये त्या छळाचे फोटो बाहेर आले. ४ मार्चला धनंजय मुंडे यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला, तुम्ही सगळे त्या दिवशी कॅमेऱ्यांसमोर होता. मी वर्गात होतो. चारही लेकरांनी ते फोटो पाहिलेले होते, घरातल्या मोबाइलवर. भज्यांच्या कागदावरची तीच पोरगी. तिनं मला एवढंच विचारलं, "सर, सरपंचाला पण?"

नागरिकशास्त्रात ग्रामपंचायतीचा धडा आहे. सरपंच हा गावाचा प्रथम नागरिक, असं आम्ही लिहून घेतो. त्या दिवशी मी गणित घेतलं.

आपल्याकडं जमावबंदी पूर्वी नव्हती असं नाही. निजामाच्या राज्यात सभा घ्यायची तर आधी परवानगी लागायची, गश्ती निशान त्रेपन्न म्हणायचे त्याला. म्हातारी माणसं अजून त्रेपन्न आकडा वेगळ्या आवाजात उच्चारतात. आणि त्याच राज्यात, याच जिल्ह्यातल्या अंबाजोगाईत, योगेश्वरीच्या शाळेत एक हेडमास्तर होते. पुढं त्यांनी शाळा सोडली आणि हैदराबादचा मुक्तिसंग्राम चालवला. स्वामी रामानंद तीर्थ. दर १७ सप्टेंबरला तुम्ही त्यांच्या फोटोला हार घालता. २०२५ च्या १७ सप्टेंबरला तर बीडला रेल्वेही आली, म्हणून हार जरा मोठा होता. फोटोतला माणूस मास्तर होता, हे भाषणात राहून गेलं. राहू द्या. आज असते तर सहावी-सातवीच्या पटावर त्यांचंही पद शून्य झालं असतं, आणि उरलेल्या वेळात त्यांनी काय केलं असतं याचा बंदोबस्त तुम्ही करून ठेवलाच आहे. जनसुरक्षा विधेयक १० जुलैला विधानसभेत आणि ११ जुलैला विधान परिषदेत मंजूर झालं. त्यावर बारा हजारांवर सूचना आल्या होत्या. माझ्या शाळेच्या पत्र्यावर मी अकरा वर्षांत नऊ अर्ज दिले. दोन दिवसांत दोन सभागृहं हलू शकतात हे मला आधी कळलं असतं, तर मी पत्र्यालाही 'सुरक्षा' हा शब्द जोडला असता.

उत्तर प्रदेशात अलाहाबाद हायकोर्टानं २०१५ मध्ये सांगितलं होतं, की सरकारी पगार घेणाऱ्यांनी आणि लोकप्रतिनिधींनी आपली लेकरं सरकारी प्राथमिक शाळेत घालावीत. तो निकाल कागदावरच राहिला. मीही तसलं काही मागत नाही. तुमचा नातू आमच्या शाळेत आला तर पत्रा आठ दिवसांत बसेल, शिक्षक दोन मिळतील, रस्ता होईल आणि खिरीत काजू पडतील, हे मला कळतं. पण त्याच्यामागं बॉडीगार्ड येतील, आणि मग खोलीत माणसं पाचाच्या वर जातील.

तेव्हा तूर्त फक्त साखर पाठवा. महिन्याला पाच किलो पुरे, हंगामात त्याहून कमी. आजींचे दहा रुपये मी वेगळे ठेवले आहेत, ते त्यात धरू नका. गाडी फाट्यापर्यंतच येते. पुढचा दीड किलोमीटर रस्ता तुमच्या निधीतून झालेला आहे, म्हणून चालत यावं लागतं. गोणी पाठवणार असाल तर उचलायला माणसं लागतील.

चारच पाठवा.

आपला नम्र,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक

प्रत : मुख्याध्यापक (पद रिक्त), साखरेची पोच देण्यासाठी.