पाच पैशांची कृतज्ञता

पितृपक्षात रामकुंडावर पाय ठेवायला जागा नसते. जिवंतपणी ज्याचा फोन 'मीटिंगमध्ये आहे' म्हणून कापला, त्या बापासाठी मुलगा रजा टाकून, गाडी काढून, पार्किंगवाल्याशी भांडून घाटावर येतो. तीर्थपुरोहित आडनाव विचारतात, गाव विचारतात, बाड सोडतात आणि नामावळीतून पणजोबांची सही काढून दाखवतात. नाशिकचं हे खरं वैभव. मागच्या पावसाळ्यात बुजवलेल्या खड्ड्याची नोंद इथे कुणाला सापडत नाही. पण शंभर वर्षांपूर्वी कोण कोणाच्या अस्थी घेऊन आलं होतं, ते सापडतं.

पंचांगाने तर याच्या पुढची सोय करून ठेवली आहे. सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी, चतुर्दशीला, बारीक टायपात छापलेलं असतं: शस्त्रादिहत पितृश्राद्ध. शस्त्राने गेलेल्यांचा दिवस. स्मृतिदिन पाळायची रीत आपल्याला साहेबाने शिकवली असं ज्यांना वाटतं, त्यांनी दिनदर्शिकेचं ते पान जरा डोळ्यांजवळ न्यावं. अर्थात तिथी असून उपयोग काय? त्या दिवशी आपण उद्याच्या सर्वपित्रीसाठी गवार, भोपळा आणि अळूची पानं आणायला जातो.

पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात गेलेल्यांचंच घ्या. कूत-अल-अमाराच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी अडकल्या होत्या. १४७ दिवस वेढा. धान्य संपलं, मग घोडी कापायची वेळ आली, आणि ते मांस खायचं की उपाशी मरायचं हा प्रश्न शिपायांपुढे पडला. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली आणि त्यानंतर वाळवंटातून कैदेच्या दिशेने पायपीट. पुढे बसऱ्याला स्मारक उभं राहिलं. ब्रिटिश शिपायाचं नाव कोरलं, हिंदी अधिकाऱ्याचं कोरलं. आपल्या साध्या शिपायाच्या वाट्याला आला पलटणीगणिक नुसता आकडा. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ साली हा भेदभाव कबूल केला, माफी मागितली. एवढा उशीर केला म्हणून त्यांना नावं ठेवायला आपण मोकळे आहोत. पण त्यांच्याकडे निदान आकडा होता. तुमच्या तालुक्यातून किती गेले हो?

महाराष्ट्रात अनेक गावांत चावडीच्या नाहीतर शाळेच्या भिंतीत इंग्रजांनी बसवलेली संगमरवरी पाटी आहे: या गावातून इतके युद्धावर गेले, पैकी इतके परतले नाहीत. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी गावाने पहिल्या महायुद्धात ४६ माणसं गमावली. अशी पाटी तुमच्या गावात असलीच, तर बहुधा तिच्यावर क्लासची जाहिरात चिकटवलेली असेल.

हे वाचून आपण कृतघ्न आहोत असं कुणाला वाटेल. छे! कृतज्ञता आपल्याकडे ओसंडून वाहते आहे. २६ जुलै, १५ ऑगस्ट, १६ डिसेंबर. नाशिकात द्वारका चौक म्हणू नका, सीबीएस म्हणू नका, सगळीकडे फ्लेक्स. मांडणी ठरलेली. वर कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढा जवान. मधोमध भावी नगरसेवक, हात जोडलेले, मनगटात कडं, डोळ्यांवर गॉगल. खाली शुभेच्छुकांची पलटण. श्रद्धांजली नेमकी कुणाला वाहिली आहे, हे लांबून कळायला मार्ग नाही.

पोस्टाचं तिकीट मुद्दाम म्हटलं. १९७१ साली पूर्व बंगालमधून कोटीभर माणसं जीव मुठीत धरून भारतात आली, तेव्हा सरकारने देशाला भाषण ऐकवलंच, पण हिशेबही लावला. १५ नोव्हेंबरपासून लिफाफ्यावर नेहमीच्या तिकिटाशेजारी ५ पैशांचं जादा तिकीट लावणं सक्तीचं झालं. नवं तिकीट निघायला वेळ लागणार, म्हणून आपल्या नाशिक रोडच्या प्रेसमध्ये हाताशी असलेल्या कुटुंब नियोजनाच्या तिकिटावरच निर्वासित साहाय्याचा ठसा मारला. खाली आटोपशीर कुटुंबाचं चित्र आणि वर कोटीभर पाहुण्यांचा शिक्का! सरकारी कामात इतका विनोद पुन्हा झाला नाही. १ डिसेंबरला खास तिकीट आलं, ३ डिसेंबरला युद्ध पेटलं, १६ ला संपलंही. ५ पैसे मात्र ३१ मार्च १९७३ पर्यंत चालू राहिले. म्हणजे त्या काळात आत्याच्या मुलीचा साखरपुडा कळवणाऱ्याने, जावयाच्या तक्रारी लिहिणाऱ्या सासूने आणि नोकरीचा अर्ज टाकणाऱ्या बेकार पदवीधरानेसुद्धा कुणाच्या तरी ताटात घास टाकला. डिंक चाटला, तिकीट चिकटवलं, पेटीत टाकलं. फोटो नाही, सत्कार नाही.

त्याच पिढीतल्या बायकांनी १९६२ ला संरक्षण निधीसाठी अंगावरचे दागिने उतरवून दिले होते. त्याच पिढीने १९६५ ला शास्त्रीजींनी सांगितलं म्हणून सोमवारची रात्र उपाशी काढली. आज एका वेळच्या जेवणाला सुट्टी द्यायची तर आधी डाएटिशियन लागते.

आणि खुद्द नाशिकने काय दिलं? नाशिकने लोकसभेची जागा दिली. चीनच्या युद्धात यशवंतराव चव्हाणांना मुंबईहून दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून बोलावलं, आणि १९६३ च्या पोटनिवडणुकीत नाशिकने त्यांना लोकसभेवर पाठवलं ते बिनविरोध. बिनविरोध! आजच्या नाशिकमध्ये सोसायटीचा चेअरमनसुद्धा बिनविरोध होत नाही. आज तसा प्रसंग आला तर सीमेवर गोळीबार चालू असताना इथे अर्ज भरायला ढोलताशे लागतील, आणि माघारीच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत हॉटेलात 'चर्चा' चालेल.

वर्षभरात, १९६४ ला, ओझरला विमानाचा कारखाना आला. मिग-२१ चा सांगाडा ओझरला, इंजिन कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला, अशी वाटणी. १४ डिसेंबर १९७१ ला मिग-२१ विमानांनी ढाक्याच्या गव्हर्नर हाऊसवर हल्ला केला आणि दोन दिवसांत तिथल्या सैन्याने शस्त्रं ठेवली. २०२५ च्या सप्टेंबरात चंदीगडला हे विमान निवृत्त झालं तेव्हा साऱ्या देशाच्या डोळ्यांत रील्सपुरतं पाणी आलं. निफाड-दिंडोरीकडून सायकलवर, मग कंपनीच्या बसने जाऊन ज्यांनी त्या विमानांचे पत्रे जोडले, त्या फिटरांना टॅग करायचं राहून गेलं. त्यांचं अकाउंट नाही ना.

जिवंत माणूस ही कृतज्ञतेतली खरी अडचण असते. पुतळ्याला हार घातला की काम झालं. जिवंत माणसाला खुर्ची द्यावी लागते, पाणी विचारावं लागतं, आणि तो मध्येच काहीतरी बोलायची भीती असते. आमच्या भागात तोफखान्यातले एक निवृत्त सुभेदारकाका आहेत. नाशिक रोड-देवळाली पट्ट्यात हे नवल नाही. आर्टिलरी सेंटर इथलं, तोफखान्याची शाळा इथली, त्यामुळे नोकरी संपली की गनर इथेच प्लॉट बघतो. एकाहत्तरला काका तोफेवर होते. कान तिथेच ठेवून आले.

विजय दिवसाला त्यांचा सत्कार ठरला. वेळ सकाळी दहा. काका पावणेदहाला ब्लेझर घालून, मेडल लावून हजर. पाहुणे आले पावणेबाराला. निवेदकाने काकांना आधी कॅप्टन केलं, मग मेजर केलं, आणि शेवटी भावनेच्या भरात स्वातंत्र्यसैनिक. एवढी बढती सैन्यात तीस वर्षांत मिळाली नव्हती. शाल दोनदा पांघरावी लागली, कारण पहिल्या फोटोत पाहुण्यांचे डोळे मिटले होते. मग भाषणं सुरू झाली. स्पीकर काकांच्या खुर्चीला खेटून. पहिल्या 'बंधू आणि भगिनींनो'लाच काकांनी कानातलं मशीन काढलं, रुमालात गुंडाळलं आणि ब्लेझरच्या आतल्या खिशात ठेवून दिलं. तासभर चेहरा प्रसन्न. सगळ्यांना वाटलं, भारावलेत.

खाली उतरल्यावर मी विचारलं, "काका, भाषणं ऐकलीच नाहीत की तुम्ही?"

"बॅटरी महाग असते रे," काका म्हणाले.

त्यांच्याही आधीची पिढी तर आता बोटांवर मोजण्याएवढी. दुसऱ्या महायुद्धात हिंदी सैन्यात २५ लाख माणसं होती, त्यातली ८७ हजारांवर परत आली नाहीत. नगर जिल्ह्यातले नामदेव जाधव त्या २५ लाखांतलेच, परत आलेले. इटलीत सेनिओ नदीवर, ९ एप्रिल १९४५ ला, दोन जखमींना एकामागून एक उचलून त्यांनी गोळीबारातून नदीपार नेलं, आणि मग एकट्याने मशीनगनची ठाणी गप्प केली. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगाव तालुक्यातल्या यशवंत घाडगेंनाही मिळाला, मरणोत्तर. त्यांच्यासाठी इटलीतल्या मोन्तोने गावाने २०२३ साली सूर्यघड्याळ बसवलं. इटलीतलं एक छोटं गाव कोकणातल्या पोराची आठवण ठेवतं, आणि आपण 'घाडगे म्हणजे कोल्हापूरचे का?' म्हणून विचारतो.

पदक न मिळालेल्यांचं काय झालं? लढाई संपली तशी पलटणी मोडल्या आणि हजारो जणांना पेन्शनशिवाय घरी पाठवलं. राज्य सरकार आता त्यांना, ते नसतील तर त्यांच्या विधवांना, दरमहा मानधन देतं, द्यायलाच हवं. फक्त दरवर्षी हयातीचा दाखला लागतो. नव्वदीपलीकडची आजी नातवाच्या मोटारसायकलवरून कुठल्याशा खिडकीशी येते, आणि यंत्रावर अंगठा उमटत नाही. आयुष्यभर भांडी घासून रेषा गेलेल्या. "पुन्हा लावा आजी. जरा दाबून." मेलेल्यांचं स्मरण आपण विनाकागदपत्र करतो, जिवंत असल्याचा पुरावा मात्र लागतो.

७ डिसेंबरला ध्वजदिन येईल. १९४९ पासून येतो आहे. जिल्ह्याला निधीचं उद्दिष्ट ठरवून मिळेल, मग ते खात्याखात्यांत वाटलं जाईल, शाळेत मास्तर पोरांकडून दहा-दहा रुपये गोळा करतील, आणि छातीवर तो छोटा कागदी झेंडा टाचलेला, पगारातून पैसे कापले गेलेला कारकून तेवढा दिवस थोडा ताठ चालेल. चौकातल्या फ्लेक्सवाल्यांकडे मात्र कुणी डबा घेऊन गेल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

म्हणून एक सुचवतो. ५ पैशांचा तो कर पुन्हा लावा. पत्रं आता कोण पाठवतं. तो फ्लेक्सवर लावा. जवानाचा फोटो माफ. त्याच्याशेजारी स्वतःचा फोटो छापायचा असेल, तर चेहऱ्याच्या दर चौरस इंचाला ५ पैसे, थेट ध्वजदिन निधीत. गॉगलला दुप्पट, शुभेच्छुकांना माणशी वेगळे. नाशिकचं उद्दिष्ट द्वारकेच्या एका चौकात पुरं होईल, उरलेल्या पैशांत काकांच्या बॅटऱ्या येतील. पैसे भरणाऱ्याला रीतसर पावती मिळेल.

पावतीवर फोटो नसेल.