पाटी खरं बोलते तेव्हा

पहिल्यांदा जपानला निघालेल्या माणसाला घरचे, शेजारचे आणि जपानला कधीच न गेलेले असे सगळे मिळून एकच धास्ती घालतात: विमानतळ अवाढव्य, इंग्रजी कुणाला येत नाही, हरवशील. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. टोकियोच्या नारिता किंवा हानेदा विमानतळावर हरवणं सोपं नाही. त्याला चांगली तयारी लागते, आणि ती तयारी आपल्याकडून बालपणापासून करून घेतलेली असते. आपण शिकलेलो असतो की पाटी वाचली म्हणजे चौकशीला नुसती सुरुवात झाली. फलाट चार असं लिहिलेलं वाचायचं, मग शेजारच्याला विचारायचं, मग चहावाल्याला, आणि दोघांची उत्तरं जुळली नाहीत तर ज्याच्या हातात पिशव्या जास्त त्याच्या मागे चालायला लागायचं. या शास्त्राला मी हसत नाही. त्याच्या जोरावर लाखो माणसं रोज संध्याकाळी आपापल्या घरी पोचतात. पण त्याच्या मुळाशी एक गृहीत धरलेलं आहे, ते म्हणजे पाटी लावणारा आणि गाडी लावणारा यांची आयुष्यात कधी गाठ पडत नाही. जपानात ती पडलेली असते. आपल्या माणसाचा घोळ तिथूनच सुरू होतो.

विमानातून पाय बाहेर टाकल्यापासून बाण सुरू होतात. जपानी, इंग्रजी, चिनी, कोरियन अशा भाषा, आणि त्यातली एकही नको असेल तर चित्रं. ही चित्रं उगाच आलेली नाहीत. 1964 च्या टोकियो ऑलिंपिकच्या वेळी यजमानांच्या लक्षात आलं की येणाऱ्या बहुतेक पाहुण्यांना आपली लिपी वाचता येणार नाही. तेव्हा कात्सुमी मासारू या समीक्षकाच्या पुढाकाराने तरुण चित्रकारांचा एक गट बसला आणि त्याने खेळांपासून स्वच्छतागृहांपर्यंत सगळ्याच्या खुणा काढून दिल्या. म्हणजे भाषा येत नाही ही पाहुण्याची अडचण आधी यजमानाने स्वतःची मानली, आणि नंतर पाहुणे बोलावले. एवढं सगळं समोर असताना आपला प्रवासी काय करतो? तो गर्दीकडे बघतो. सगळ्यात ठाम पावलं टाकणारा एक गृहस्थ निवडतो आणि त्याच्या मागे निघतो. नारितावर विमान बदलून अमेरिकेकडे जाणारे पुष्कळ असतात. ठाम पावलं टाकणारा गृहस्थ त्यांच्यातलाच निघतो, आणि टोकियो बघायला आलेला माणूस लॉस एंजेलिसला जाणाऱ्यांच्या तपासणीच्या रांगेत उभा राहून पट्टा सोडू लागतो. डोक्यावरचा बाण एव्हाना तीनदा सांगून थकलेला असतो.

नारिताच्या तिसऱ्या टर्मिनलवर तर त्यांनी पाटी थेट पायाखाली अंथरली. हे टर्मिनल 2015 साली स्वस्त विमान कंपन्यांसाठी उघडलं. खर्च आवरायचा म्हणून सरकते पट्टे बसवले नाहीत. त्याऐवजी मैदानात असतात तसे धावण्याचे मार्ग जमिनीवर आखले. निळा जाणाऱ्यांचा, लाल येणाऱ्यांचा. चुकायला वावच नाही. पण इतक्या स्वच्छ, रंगीत गोष्टीवर पाय देण्याची आपल्याला सवय नसते. ही नक्कीच कुणासाठी तरी राखून ठेवलेली असणार, या समजुतीने आपला माणूस तिच्या कडेकडेने चालतो. उलट जिथे बाजूला व्हायला हवं तिथे तो ठाण मांडतो. पिवळ्या, उंचवट्याच्या फरशा अंध माणसांना वाट कळावी म्हणून असतात. मियाके सेइइची यांनी त्या 1965 साली शोधल्या आणि 1967 मध्ये ओकायामात त्या पहिल्यांदा रस्त्यावर आल्या. बॅग घरंगळत नाही म्हणून सुटकेस उभी करायला हीच जागा त्याला उत्तम वाटते.

इमिग्रेशनला दोन्ही तर्जन्यांचे ठसे आणि फोटो घेतात. 2007 पासून ही पद्धत आहे. निघण्याआधी घरबसल्या संकेतस्थळावर माहिती भरून क्यूआर कोड मिळवता येतो, आणि तो क्यूआर कोडही जपानचाच. 1994 साली डेन्सोच्या लोकांनी तो मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवायला काढला होता. आपला प्रवासी तो मोबाइलमध्ये ठेवतोच, शिवाय कागदावर छापतो, छापलेल्याची झेरॉक्स काढतो आणि मूळ प्रत लॅमिनेट करतो. यंत्र चुकेल ही शंका त्याच्या मनात पक्की असते. रांगेत उभा राहिल्यावर तो पुढच्याला विचारतो, ‘‘हीच ना?’’ पुढचा नाशिकचा असतो, आणि त्याने त्याच्या पुढच्याला नुकतंच हेच विचारलेलं असतं.

सगळ्यात मोठा धक्का बॅगांच्या पट्ट्यापाशी बसतो. बॅगा आपटत, एकमेकींवर चढत येत नाहीत. पुष्कळदा कर्मचारी त्या हाताने नीट लावून ठेवतात, मूठ उचलणाऱ्याच्या बाजूला. ओसाकाजवळचा कान्साई विमानतळ समुद्रात भर घालून केलेल्या बेटावर आहे. 1994 साली तो सुरू झाला, आणि तीस वर्षं होत आली तेव्हा जगभर बातमी झाली की या काळात तिथे एकही बॅग हरवलेली नाही. बेट खचतं आहे, बॅगा मात्र जागच्या जागी. आपला माणूस बॅगेला लाल रिबन बांधून, चारही बाजूंनी नाव लिहून, वरून दोरीने आवळून आलेला असतो. समोर मूठ पुढे करून उभी असलेली बॅग बघून त्याला बरं वाटायला हवं. तो आधी कुलूप तपासतो. एवढी अदब दाखवली म्हणजे आतलं काहीतरी गेलंच असणार.

कस्टम्सचं मी थोडक्यात आटपतो, कारण तिथे दोष सरळसरळ आपला आहे. फळं, रोपं, मांसाचे पदार्थ आणू नका, अशी चित्रांसकट पाटी असते आणि ती वाचूनही लोक प्रमाणपत्राशिवाय आंबे आणतात. भारतीय आंब्याला जपानने कित्येक वर्षं दार बंद ठेवलं होतं, फळमाशीच्या भीतीने. 2006 साली ते उघडलं, तेही गरम वाफेची प्रक्रिया केलेल्या हापूस, केसर अशा ठरावीक जातींसाठी. ज्या फळाला दोन सरकारांच्या वाटाघाटीतून जावं लागलं, ते टॉवेलात गुंडाळून खपून जाईल असं मानणारा माणूस पाटीवर विश्वास ठेवेल ही अपेक्षाच फोल आहे. वास घेणारा कुत्रा पाटी वाचत नाही, पण तिची अंमलबजावणी चोख करतो.

आता आक्षेप. पहिला आणि सगळ्यात वजनदार असा की, पाट्या एवढ्या गुणाच्या असतील तर नारिताच्या तळघरातल्या रेल्वे स्टेशनात भलेभले का गोंधळतात? हा मी मान्य करतो, आणि आनंदाने. तिथे दोन रेल्वे कंपन्या शेजारी शेजारी आहेत, जेआर आणि केइसेइ. दोघींची तिकिटं वेगळी, दारं वेगळी. केइसेइची स्कायलायनर ताशी 160 किलोमीटरपर्यंत धावते आणि निप्पोरीला छत्तीसेक मिनिटांत पोचवते. जेआरची नारिता एक्स्प्रेस टोकियो स्टेशन, शिबुया, शिंजुकूकडे नेते. याखेरीज केइसेइच्या काही स्वस्त गाड्या शहराच्या पोटातून पार होऊन थेट हानेदा विमानतळावर जाऊन थांबतात. म्हणजे नारितावर उतरलेला माणूस गडबडीत चढला आणि डुलकी लागली, तर जाग येते तेव्हा तो पुन्हा विमानतळावरच असतो, आणि तोही दुसऱ्या. या सगळ्या गोष्टी पाटीवर लिहिलेल्या असतात आणि त्यातलं एकही अक्षर खोटं नसतं. पण कुठली गाडी कुठे जाते एवढंच पाटी सांगते; तुम्ही कुठल्या गाडीने जावं, हे ती कधीच सांगत नाही. सल्ला देणं पाटीच्या स्वभावात नाही. आपण तर आयुष्यभर सल्ल्यावर वाढलेलो, माहितीची आपल्याला फारशी गरजच पडलेली नाही. ‘‘त्यापेक्षा तुम्ही असं करा,’’ म्हणणारा कुणीतरी तिथे नसतो, आणि त्याची उणीव मलाही खरी वाटते. जाता जाता हेही सांगायला हवं की जपानी नियोजन म्हणजे काही देववाणी नव्हे. नारिताच्या पोटात शिंकान्सेनसाठी, म्हणजे बुलेट ट्रेनसाठी, एक स्टेशन बांधून ठेवलं होतं, ती शिंकान्सेन आलीच नाही, आणि 1991 पर्यंत ते रिकामं पडून होतं. तोवर प्रवासी जरा लांबच्या स्टेशनातून बसने ये-जा करत.

दुसरा आक्षेप आपुलकीचा. विचारण्यात माणुसकी आहे, ओळखी होतात, पाटीशी काय बोलणार? पण जपानात विचारायला कुणी बंदी केलेली नाही. फरक उत्तराच्या पद्धतीत आहे. आपल्याकडे रस्ता विचारल्यावर ‘‘माहीत नाही’’ म्हणणं हा पाहुण्याचा अपमान समजतात; म्हणून माहीत नसलेलाही उजवीकडे हात करतो. विमानतळावरचा जपानी कर्मचारी माहीत नसेल तर तसं सांगतो, फाइल काढतो, फोन करतो, कधी कधी तुमच्याबरोबर चालत येतो. आणि याने आपल्या माणसाचा धीर आणखी खचतो. ज्याला बघून सांगावं लागतं त्याला काय कळतंय, असं मनात म्हणत तो दुसऱ्या खिडकीकडे जातो. तिथे तेच उत्तर मिळतं. तिसरीकडेही तेच. तिघांचं इतकं एकमत त्याने फक्त लग्नाच्या मध्यस्थांमध्ये पाहिलेलं असतं, त्यामुळे संशय बळावतो.

तिसरा आक्षेप असा की हा विश्वास त्यांच्या रक्तातच आहे, आपल्याला कसा जमेल? हे मात्र साफ खोटं, आणि खोटं ठरवायला नारिताइतका चांगला साक्षीदार नाही. 1966 साली सरकारने सानरिझुका भागात विमानतळ करायचं ठरवलं आणि ज्यांची शेतं जाणार त्यांना विचारलंच नाही. शेतकरी उभे राहिले, विद्यार्थी येऊन मिळाले, आणि अनेक वर्षं चाललेल्या त्या लढ्यात दोन्ही बाजूंची माणसं मेली. 30 मार्च 1978 हा उद्घाटनाचा दिवस ठरला. चार दिवस आधी आंदोलकांनी कंट्रोल टॉवरमध्ये घुसून यंत्रं फोडली, आणि विमानतळ उघडायला 20 मे उजाडला. त्यानंतर 2015 पर्यंत नारितावर येणाऱ्या प्रत्येकाला, नातेवाइकाला सोडायला आलेल्यालासुद्धा, फाटकावर ओळखपत्र दाखवावं लागे. काही शेतकऱ्यांनी जमीन सोडलीच नाही, तेव्हा त्यांच्या शेताला वळसा घालून विमानांचा मार्ग वाकवावा लागला. नव्वदच्या दशकात जाहीर चर्चा झाल्या, यापुढे जबरदस्ती करणार नाही असं सरकारला कबूल करावं लागलं, माफीही मागावी लागली. एवढ्या अविश्वासावर उभा राहिलेला विमानतळ आज तुम्हाला बाणावर विश्वास ठेवायला सांगतो. त्याला तो अधिकार जन्माने मिळालेला नाही. पाटी रोज खरी ठेवून त्याने तो मिळवला आहे. तेव्हा रक्ताची गोष्ट सोडा. न विचारण्याची किंमत काय पडते हे ज्या देशाने शेतकऱ्यांकडून शिकून घेतलं, त्याने प्रवाशाला विचारायची वेळच येऊ नये अशी व्यवस्था केली, एवढंच.

शेवटचा आक्षेप चतुर मंडळींचा असतो: हे सगळं मेंढरांना ठीक, आम्ही डोकं चालवणारी माणसं. इथे थट्टा बाजूला ठेवतो. 2 जानेवारी 2024 च्या संध्याकाळी हानेदावर उतरणारं जपान एअरलाइन्सचं विमान धावपट्टीवरच्या तटरक्षक दलाच्या विमानावर आदळलं. तटरक्षक दलाच्या सहांपैकी पाच जण गेले. मोठ्या विमानाने पेट घेतला, आतली ध्वनियंत्रणा बंद पडली, आठ दारांपैकी तीनच वापरण्याजोगी उरली. कर्मचाऱ्यांनी कर्ण्यातून आणि नुसत्या ओरडून सूचना दिल्या. सामान तिथेच टाकून 379 च्या 379 माणसं बाहेर पडली. तिथे वरच्या कप्प्यातली बॅग काढायला डोकं चालवणारी माणसं जास्त असती तर हा आकडा कमी झाला असता, असं मला वाटतं.

तर कस्टम्स ओलांडून आपला प्रवासी बाहेरच्या दालनात येतो. तिथे काळ्या मांजराचं चित्र असलेला एक काउंटर असतो. मांजर तोंडात पिल्लू धरून निघालेलं आहे. ही 1976 पासून चालत आलेली घरपोच सामान पोचवण्याची सेवा. बॅग इथे द्या, हात हलवत शहरात जा, बहुधा दुसऱ्या दिवशी ती हॉटेलात हजर होते. मेतकूट, थालिपीठाची भाजणी आणि ब्लडप्रेशरच्या गोळ्या असलेली बॅग मांजराच्या हवाली करायला आपला माणूस तयार होत नाही. तो ती घेऊन बसच्या थांब्यावर जातो. तिथला कर्मचारी बॅगेला चिठ्ठी लावतो, त्याच क्रमांकाची दुसरी चिठ्ठी त्याच्या हातात देतो, आणि बॅग बसच्या पोटात जाते. पाटीवर लिहिलेल्या मिनिटाला बस हलते, तेव्हा फलाटावरचा तो कर्मचारी जाणाऱ्या बसला कमरेत वाकून नमस्कार करतो. रोज करतो, प्रत्येक बसला. आपला माणूस खिडकीतून ते बघतो आणि ताडकन उठून उभा राहतो, कारण ज्याअर्थी हा एवढी माफी मागतोय त्याअर्थी बॅग नक्की खालीच राहिली आहे.