बुडख्यातून दाढी

आष्ट्याच्या माणसाला ऊस कुठनं तोडायचा हे शिकवावं लागत नाही. जमिनीलगत, थेट बुडख्यातून. वर खुंट सोडला तर गोडी रानातच राहते, टनेज बुडतं आणि खोडवाही नीट फुटत नाही. हा हिशेब इतका अंगात मुरलाय की सकाळी आरशासमोर उभा राहिलेला गडी दाढीलाही तोच नियम लावतो. उलटा हात फिरवला तर काही लागता कामा नये! फरक एवढाच, की उसाचा फुटवा जमिनीखालून आला तर शेतकरी खूश होतो. दाढीचा केस कातडीखालून फुटायला बघतो तेव्हा तिथं लाल पुळी येते.

गालावर कुणीही शूर असतो. सपाट जागा, भरपूर फेस, वरून खाली चार हात मारले की काम फत्ते. परीक्षा असते ती जबड्याच्या कोपऱ्यावर, हनुवटीच्या खळीत, नाकाखाली आणि गळ्याच्या घाटीवर. तिथं खुंट राहिला की आपल्याकडं एकच उपाय: दाबा. तरी राहिला? अजून दाबा. जो ऐकत नाही त्याला दाबायचं, ही घरापासून ऑफिसपर्यंत चालत आलेली रीत. तीच गळ्यावर चालवायची.

"आण्णा, रगात आलंय की!"

"येऊ दे रं. गुळगुळीत झालीया का बघ आदी."

असले आण्णा लग्नसराईत ओळखू येतात. नवा फेटा, कडक इस्त्री, गळ्याला पेपराचे दोन कपटे चिकटलेले आणि त्यावर तुरटीचा पांढरा थर. मुलीकडच्यांना वाटतं, व्याही वाटेत कुठंतरी भांडून आलेत.

सेफ्टी रेझर हे मुळात दाबायचं हत्यारच नव्हे. किंग कँप जिलेट या अमेरिकन गृहस्थाला आपल्या रेझरचं पेटंट १९०४ साली मिळालं. आदल्या वर्षी ५१ रेझर आणि १६८ पाती खपली होती. पुढं जगभर काय झालं ते प्रत्येकाच्या दाढीच्या डब्यात दिसतं. युक्ती साधी आहे. मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढं पातळ पातं दोन भागांत वाकवून, आवळून धरायचं आणि धार लागेल तेवढीच बाहेर ठेवायची. उरलेलं काम रेझरचं स्वतःचं वजन करतं. दांडी शेवटाकडं, दोन-तीन बोटांत धरा. मग मनात असूनही दाबता येत नाही. डोकं गालाला टेकवा आणि दांडी हळूहळू खाली आणा. खर्रर असा आवाज आला की थांबा. तोच कोन.

आता अडचणीच्या जागा. रेझर वाकवून खाचाखोचांत घालायचा नसतो, कातडीला सपाटीवर आणायचं असतं. जबड्यासाठी कानाखालची कातडी वर ओढा. हाडावरचे केस गालावर चढतात, तिथं काढा. घाटीसाठी कातडी बोटानं बाजूला सरकवा, काम उरका, सोडून द्या. ती आपोआप जागेवर जाते. नाकाखाली वरचा ओठ दातांवर ताणा आणि हात आखूड मारा. खळीसाठी खालचा ओठ आत ओढा. चेहरा माकडासारखा दिसेल, पण तेवढ्यासाठीच मोरीचं दार लावतात.

सर्वांत लबाड गळा. तिथले केस वरून खाली येतच नाहीत. उजवीकडचे कानाकडं तोंड करून, डावीकडचे भलतीकडंच आणि मधे एखादा भोवरा. दाढी दोन दिवस वाढू द्या आणि बोट फिरवून बघा. ज्या बाजूनं खरखर लागत नाही, ती केसांची बाजू. पहिला हात त्या बाजूनं. परत फेस लावून दुसरा आडवा. तिसरा, उलटा हात ज्याची कातडी सोसेल त्यानंच मारावा. कुरळ्या केसाच्या माणसानं तर नकोच. फार खालून कापलेलं टोक वळून कातडीतच शिरतं. मग थंड पाणी, वरून ओली तुरटी, आणि आरशासमोरून निघायचं.

पण निघायला देतंय कोण? 'अजून गुळगुळीत' हा शब्द आपल्या कानात ओतणारे दुकान मांडून बसलेत. दोन पाती १९७१ साली आली, तीन १९९८ मध्ये, पाच २००६ मध्ये. पहिलं पातं केस ओढतं, मागचं त्याला कातडीच्या पातळीखाली कापतं. म्हणजे खरोखर बुडख्यातून! पुळीची सोयही त्यातच. किंमत? शे-दोनशे रुपयांना एक डोकं. साधं पातं दोन-चार रुपयांना मिळतं, त्यालाही धारेच्या दोन बाजू.

यातली गंमत जिलेटच्याच कंपनीच्या इतिहासात आहे. २००२ साली तिनं खास भारतासाठी 'व्हेक्टर' रेझर काढला. चाचणी घेतली अमेरिकेत, एमआयटीत शिकणाऱ्या भारतीय पोरांवर. पोरं म्हणाली, झकास. इथं आल्यावर पात्यांत केस अडकून बसले. तिकडं पोरांच्या बेसिनला धो धो पाणी. इकडं माणूस जमिनीवर बसलेला, हातात छोटा आरसा, पुढ्यात कपभर पाणी. मग २००८ मध्ये कंपनीची माणसं इथं आली, लोकांच्या घरात बसून दाढ्या बघत राहिली आणि शोध लागला: या माणसाला आधी कातडी कापायला नको आहे, गुळगुळीतपणाचं नंतर बघू! २०१० साली 'गार्ड' बाजारात आला. रेझर १५ रुपये, नवं डोकं ५ रुपये. आणि पाती? एक. इथल्या एखाद्या सलूनच्या बाकड्यावर तासभर बसले असते तरी कळलं असतं, पण बाकड्यावर बसण्याला संशोधन म्हणत नाहीत.

हल्लीच्या पोरांनी यातून वाट काढली, दाढीच ठेवली. पण गालावरची रेघ आणि गळ्याखालची हद्द आखायची म्हटलं की गाठ त्याच कोपऱ्यांशी. जाड डोक्याखाली रेघ दिसत नाही, एका बाजूची वर जाते, मग बरोबरी करता करता आठवडाभरानं रुबाबाची नुसती हनुवटी उरते. तिथंही साधा रेझरच बरा, धार कुठं टेकली ते नजरेला पडतं.

राहता राहिला पूर्ण गुळगुळीत गळा. तो आष्ट्यात हमखास बघायचा असेल तर सांगली रस्त्यावरच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सकडं बघा. साहेबांच्या जबड्याखाली एक खुंट नाही, एक सुरकुती नाही. ही दाढी फ्लेक्सवाल्यानं माऊसनं केलेली असते. आपल्याला जित्या कातडीवर करायची आहे. तेव्हा दोन हात मारा, तुरटी लावा आणि कामाला लागा. जबड्याखाली हात घालून तपासायला कुणी येत नाही. कंपनीच्या पाच पात्यांतलं एक दाढी करतं. उरलेली चार आपली बिनपाण्यानं करतात.